डोंगेवाल्यांचा ग्रुप: माणसं कुठून आली, कशी टिकली

भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना खेटतात त्या पट्ट्यात, म्हणजे लाखांदूर, अर्जुनी मोरगाव आणि वडसा तालुक्यांत, डोंगे आणि लाकडी होड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालतो. माणसं शंभर-सव्वाशे. मासेमारी करणारे ढिवर आहेत, दोन-तीन सुतार, एक आरा मशीनवाला, जिल्हा परिषद शाळेतले गणिताचे सर, शिंगाडा काढणाऱ्या बाया, आणि नागपुरात नोकरी करून रविवारी घराच्या पोर्चमध्ये होडी बांधणारे काही हौशी. गावांची आणि माणसांची नावं इथे मुद्दाम गाळली आहेत. ग्रुपमध्ये जे बोललं गेलं ते चावडीवर यावं अशी कुणाची इच्छा नाही.

ग्रुप उघडायला आमच्याकडे पाच मिनिटं लागतात आणि मरायला दोन महिने. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी पक्षाचा प्रचार, संध्याकाळी वाढदिवसाचा केक, मग ग्रुप म्यूट. शेतकरी गटांचं, माजी विद्यार्थ्यांचं, पाणी वापर संस्थांचंही हेच होतं. या ग्रुपचा तर विषयच असा की दहातले नऊ म्हणतील, हे काम संपलं, सोडा. तरी तो कैक पावसाळे चालू आहे. मधे एकदा मोडता मोडता वाचला. तो का मोडत होता आणि कशाने वाचला, हा या प्रकरणाचा गाभा.

मुळात डोंगा का अडला

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले, काही थेट गोंड राजांच्या काळातले. त्यांच्या खाली बोड्या, म्हणजे शेताच्या अंगाची छोटी तळी. तलावात मासेमारी ढिवरांची, सहकारी संस्थेमार्फत ठेका घेऊन. आणि तलावावर फिरायला डोंगा: एकाच खोडातून कोरलेला, अरुंद, पाण्याच्या वर जेमतेम चार-पाच बोटं राहणारा.

डोंग्याला खोड लागतं, तेही असं की ज्याला माणसाची कव पुरत नाही. मोह चालतो, आंबा चालतो, अर्जुनही. पण मोह कोण तोडेल? मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या फुलांवर घर चालतं. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, ऐन, बिजा, हळदू ही सगळी झाडं आहेत, म्हणजे स्वतःच्या बांधावरचं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना तेंदूपान आणि बांबू मिळाला, कारण ते गौण वनउपजात मोडतात. इमारती लाकूड त्यात नाही. बांबूचा डोंगा होत नाही.

दुसरीकडे पाणीही बदललं. १९८८ मध्ये पायाभरणी झालेलं गोसीखुर्द धरण पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभं राहिलं आणि नदीचा रुंद, खोल, वाऱ्याला मोकळा जलाशय झाला. मामा तलावात जो डोंगा निवांत चालतो तो तिथल्या लाटेत काठोकाठ भरतो. म्हणून पवनी-कुहीकडच्या माणसांना फळ्यांची उंच नाव हवी, आणि इकडच्यांना जुना डोंगा अजून चार वर्षं ओढायचा. दोघांचे प्रश्न वेगळे. ते एका ग्रुपमध्ये आले ते आधी कुणी ठरवलेलं नव्हतं.

सुरुवात

पाऊस लवकर गेलेल्या एका वर्षी तलाव माघातच तळाला गेला. एका म्हाताऱ्या ढिवराचा डोंगा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उघडा पडला आणि टोकापासून हातभर चिरला. सगळे त्यांना मामाजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. मामाजींच्या भाच्याने त्या चिरेचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली एकच ओळ: "डोंगा फाटला गा, काय लावाव?"

हे स्टेटस शाळेतल्या सरांनी पाहिलं, कारण भाचा त्यांचा जुना विद्यार्थी. सर मूळचे वर्ध्याकडचे, पाण्याशी संबंध फक्त पोहण्यापुरता. पण त्यांना व्हिडिओंचा नाद लागलेला. युरोप-अमेरिकेत माणसं प्लायवूडचे तुकडे तारेने शिवून, सांध्यांवर इपॉक्सी नावाचा घट्ट धरणारा गोंद आणि काचेच्या कापडाची पट्टी लावून घरच्या घरी होडी उभी करतात. ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडात लोकांपर्यंत पोचली आणि जगभर पसरली. सरांना तशी होडी इटियाडोह धरणाच्या पाण्यावर न्यायची होती. जवळपास कुणाशी बोलावं तर लोक हसायचे. चिरलेला डोंगा पाहून त्यांना वाटलं, चला, आपल्यासारखा एक तरी सापडला.

मामाजी त्यांच्यासारखे अजिबात नव्हते. त्यांना होडीची हौस नव्हती, त्यांना उद्याचं जाळं टाकायचं होतं. हा फरक ग्रुपच्या पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे, आणि सरांना तो कळायला बराच वेळ लागला.

ग्रुप भाच्याने उघडला. सर, मामाजी (भाच्याच्याच फोनवरून), गावचा सुतार आणि आरा मशीनवाला. पहिल्या आठवड्यात जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मामाजींनी आवाजात निरोप टाकला: "त्याले उनात ठेवू नोको, पान्यात बुडवून ठेव, पानी कमी झाला त चिखलात दाब." सर गणिताचे, त्यांनी कारण शोधलं. लाकूड वाळताना खोडातल्या वाढीच्या कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं, म्हणून गाभा पोटात असलेलं खोड वाळलं की कुठे ना कुठे चिरतंच. ओलं ठेवलं तर चिरायचं कारणच राहत नाही. त्यांनी हे फळ्यावर कडी काढून, फोटो घालून समजावलं. मामाजींनी ऐकलं आणि विचारलं, मग टोकाला शेण आणि माती का थापतात ते पण सांगा. सरांनी सांगितलं की आडव्या कापलेल्या टोकातून ओल सगळ्यात लवकर उडते. त्यावर मामाजींचा निरोप फक्त एवढाच: "हो ना." पण त्या दिवसापासून ते सरांना प्रश्न विचारू लागले आणि सर त्यांना. एकाकडे रीत, दुसऱ्याकडे कारण, आणि दोघांनाही समोरच्याकडचं हवं होतं.

माणसं कुठून आली

इंटरनेटवरचा समूह म्हटलं की वाटतं, लोक शोधून येतात. इथे शोधून आलेले फक्त नागपूरचे हौशी. ते व्हिडिओ पाहता पाहता सरांपर्यंत पोचले आणि सरांमार्फत ग्रुपमध्ये. बाकी सगळे आले ते जमिनीवरच्या वाटांनी.

सगळ्यात मोठी वाट आरा मशीनची. लाकूड चिरायला आलेल्या माणसाला मशीनवाला विचारतो, कशाला पाहिजे? नाव, डोंगा, वल्हं असं काही उत्तर आलं की तो फोन काढतो. त्याने यातून एक पैसा कमावला नाही. मात्र कोण कुठलं लाकूड मागतो ते त्याला कळतं आणि गिऱ्हाईक तुटत नाही. दुसरी वाट मत्स्यबीज वाटपाची. पावसाळ्यात संस्थांचे लोक बोटुकली घ्यायला एका जागी जमतात, तास-दोन तास रिकामे बसतात, तिथे लिंक या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाते. तिसरी वाट सोयरिकीची, आणि तिला तर तोडच नाही: चामोर्शीकडचे दोघे आले ते एका लग्नाच्या मांडवात.

बंगाली मिस्त्री आले ते आठवडी बाजारातून. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहेत, तशाच तिकडे चामोर्शी-मुलचेरातही. शेजारी राहूनही ढिवरांच्या डोंग्याची आणि बंगाल्यांच्या नावेची कधी गाठ पडली नव्हती. मिस्त्री फळ्यांची नाव करतात. आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकणं ही त्यांची पद्धत नाही. फळीच्या कडेला फळीची कड घट्ट बसवायची, चपट्या लोखंडी टाचण्या ठोकून दोन्ही एकमेकींना धरून ठेवायच्या, अशी आधी सालच उभी करायची आणि मग आत आडवे दांडे घालायचे. त्या टाचणीला ते पाताम म्हणतात. अख्खं खोड लागत नाही, आरा मशीनवर चिरलेल्या फळ्या चालतात. ज्यांना खोड मिळत नव्हतं त्या ढिवरांना ही वाट घराजवळ होती आणि माहीत नव्हती.

पाताम कसा ठोकायचा हे मिस्त्रींनी सांगण्यापेक्षा दाखवलं. भाच्याने शूट केलेला तो व्हिडिओ ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त पाहिला गेला असावा. त्यात मिस्त्री फळीवर आधी पटाशीने टाचणीच्या जाडीची खाच पाडतात, टाचणी आडवी बसवून ठोकतात, मग तिचं डोकं लाकडात बुडवतात आणि वर डांबर-कापूस भरतात. ठोकताना एकदा टाचणी वाकते. ते ती फेकत नाहीत, दगडावर सरळ करून परत घेतात. खाली कुणीतरी विचारलं, दादा, खिळे का नाही? मिस्त्रींचं उत्तर हिंदी-मराठी-बंगालीच्या मिश्रणात: खिळा फळीच्या पोटातून जातो, फळी फुगली की तिथेच फाटते, पाताम दोघींना नुसता धरून ठेवतो.

मग गाबाची चर्चा निघाली. बंगालमध्ये गाबाच्या कच्च्या फळाचा तुरट रस जाळ्यांना आणि नावेच्या अंगाला चोळतात. गाब आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला. पूर्व विदर्भात टेंभरं पोत्याने पडतात, मग हिरव्या टेंभराचा रस चालेल का? सुताराने फळीचे दोन तुकडे केले, एकाला रस, एक कोरा, दोन्ही बोडीत. रस लावलेला काळा पडला आणि पाणी उशिरा प्यायला लागला असं सुतार म्हणतो. मामाजी म्हणतात, दोन्ही सारखेच. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला वाटतं कुणाला तो मिटायला नकोच आहे.

उकळलेलं प्लाय आणि धुमसलेली चिंधी

हौशी लोकांबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. सुरुवातीला ते रोज तीन-तीन फोटो टाकतात, होडीला नाव देतात, रंग ठरवतात. तीन महिन्यांनी पोर्चमधल्या त्या सांगाड्यावर कपडे वाळत असतात. पण या ग्रुपला त्यांनी दोन गोष्टी दिल्या, त्या नाकारून चालणार नाही.

एक, प्लायची पारख. पाण्यात वापरायच्या मरीन प्लायसाठी भारतीय मानक आयएस ७१०. त्यात ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. साध्या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या, प्लायची, आयएस ३०३ ची, ८ तासांचीच. बाजारात शिक्का कुणीही मारतो. नागपूरच्या एकाने सांगितलं, घेण्याआधी तुकडा मागा आणि घरी उकळा. लाखांदूरकडच्या एका मच्छीमाराने तेच केलं. आंघोळीचं पाणी तापवायच्या गुंडीत प्लायचा तळहाताएवढा तुकडा, खाली चुलीत जाळ. शिक्का ७१० चा, पण संध्याकाळपर्यंत तुकड्याचे थर पुठ्ठ्यासारखे सुटले. त्याचा फोटो ग्रुपमध्ये आला, दुकानाचं नाव आलं नाही, आणि कोणता प्रश्न दुकानात विचारायचा ते मात्र सगळ्यांना कळलं.

दुसरी गोष्ट जवसाच्या तेलाची. जगभरात लाकडी होड्यांना उकळलेलं जवसाचं तेल लावतात, आणि जवस तर विदर्भातलंच पीक, धान निघालं की त्याच शेतात पेरतात. लोक हरखले: घाणीवरचं तेल आणून लावू! हौशांपैकी एकाने, जो खरोखर होडी पूर्ण करणाऱ्यांतला होता, थांबवलं. घाणीचं कच्चं तेल आठवडे सुकत नाही, वर बुरशी धरते. होडीला लावतात त्या बाजारातल्या तेलात सुकवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. लोकांना ही भानगड वाटली. मग सुताराच्या पडवीत रात्री बोळ्यातून धूर निघाला, नशिबाने सुतार जागा होता. तेव्हापासून जवसाचा विषय निघाला की कुणी ना कुणी आधी बादली आठवून देतं.

वजनाचा हिशोब

शिंगाडा काढणाऱ्या बचत गटाच्या बाया ग्रुपमध्ये आल्या त्या एका फोनवर. बहुतेक घरांत फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, म्हणून त्यांच्यातल्या एका ताईंच्या फोनवर सगळ्या ऐकायच्या आणि त्याच बोलायच्या. पहिल्या पंधरा दिवसांत त्या बाहेर पडल्या. फोटो आणि परदेशी व्हिडिओ यांत त्यांना काहीच घेण्यासारखं नव्हतं. भाच्याने घरी जाऊन विचारलं तेव्हा ताईंनी सरळ सांगितलं: "आमाले फोटो नाई पायजे. डोंग्यात किती बाया न किती पोते बसवाव, ते सांगा."

हा प्रश्न साधा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. दर वेळी बातमीत 'क्षमतेपेक्षा जास्त' येतं, पण डोंग्याची क्षमता कुणी लिहून ठेवलेली असते का?

सरांनी हिशोब केला, आणि तो त्यांनी आजवर ग्रुपमध्ये टाकलेल्या सगळ्या गोष्टींहून कामाचा ठरला. पाच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, दोन्ही टोकं निमुळती असा डोंगा पाण्याच्या पातळीवर साधारण दोन चौरस मीटर जागा व्यापतो. म्हणजे दर २० किलोमागे तो एक सेंटीमीटर खाली बसतो. रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्यावर १५ सेंटीमीटर असेल, तर ५० किलोच्या तीन बाया बसल्या की साडेसात गेले. वर ४० किलो ओला शिंगाडा आणि डोंग्याच्या पोटात साचलेलं दोन बादल्या पाणी धरलं की आणखी जवळजवळ साडेतीन. उरले चार. एक जण वाकली की काठ बुडाला.

बायांनी कागद मागितला नाही. त्यांनी डोंग्याच्या बाहेरून रंगाची आडवी रेघ मारून घेतली, काठ पाण्याच्या वर निदान किती राहायला हवा ते पाहून. रेघ बुडाली की एकीने उतरायचं. रेघेचा फोटो आला आणि पहिल्यांदा ग्रुपमध्ये दुसऱ्या गावच्या बायांनी आपल्याकडे कसं मारायचं ते विचारलं. त्या ताई त्यानंतर कुठे गेल्या नाहीत. त्यांना उत्तर मिळालं हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण मला हे दिसतं की आता लोक त्यांना विचारत होते.

फायबरचं भांडण

ग्रुप मोडायला आला तो फायबरच्या नावेवरून. २०२० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला अनुदान मिळतं: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. ढिवर भटक्या जमातीत मोडतात, म्हणून त्यांच्या वाट्याला ४०. त्यावरून वेगळी खदखद आहेच. तरीही गोसीखुर्दकडच्या एका पोराने नवी फायबर नाव घेतली आणि हार घालून, नारळ फोडून फोटो ग्रुपमध्ये टाकला.

नागपूरच्या एकाने लिहिलं की हा लाकडाचा ग्रुप आहे. दुसऱ्याने प्लास्टिकने नदी मरते असा लांबलचक मजकूर ढकलला. सर अ‍ॅडमिन, त्यांनी पोराचा फोटो काढून टाकला. रात्री मामाजी ग्रुप सोडून गेले. त्यांच्या मागोमाग ढिवरांपैकी बरेच.

बाहेरच्यांना हे कोडं वाटलं. डोंगे कोरण्यात हयात घालवलेला माणूस फायबरसाठी रागावतो? पण मामाजींचा हिशोब सरळ होता. त्यांच्या स्वतःच्या मुलाने फायबरच्या नावेसाठी अर्ज भरलेला होता. पोरगं सुखरूप घरी यावं आणि पाठ मोडून वासला, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवायची पाळी त्याच्यावर येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. लाकडावर त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही, पण ते दुसऱ्याच्या जिवावर करायची चैन त्यांना परवडत नव्हती. हौशांना लाकूड वाचवायचं होतं, ढिवरांना दिवस काढायचा होता, आणि ग्रुपच्या नावातला 'लाकडी' हा शब्द एका बाजूला नियम वाटला तर दुसऱ्या बाजूला हाकलून देणं.

ग्रुप गप्प झाला. नागपूरवाले आपसांत फोटो टाकत राहिले, त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं. अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. त्याचे व्हिडिओ धडाधड आले. एरवी यावर मिस्त्री आणि मामाजी आठवडाभर बोलले असते. आता खाली फक्त अंगठे.

वाचवलं ते त्या पोराच्या फायबर नावेनेच. पावसाळ्यात तिच्या बसायच्या फळ्या आणि काठाची पट्टी फुगून कुजायला लागली, कारण त्या साध्या प्लायच्या होत्या आणि वरून नुसता रंग. त्याने भाच्याला फोन केला. भाच्याने ग्रुपमध्ये काहीच लिहिलं नाही. तो त्या पोराला घेऊन मामाजींकडे गेला. मामाजींनी नाव पाहिली, कुजलेली पट्टी नखाने उकरली, म्हणाले ऐनाची पट्टी बसव, खिळा नको, बोल्ट घाल, आणि बोल्टच्या भोकात डांबर भर. भाच्याने हे सगळं आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपमध्ये टाकलं. फायबरच्या नावेला लाकूड कसं बसवायचं! सरांनी त्यावर एकच ओळ लिहिली: मामाजी, तुम्ही परत याल का, आम्हाला अजून विचारायचं आहे. मग त्यांनी ग्रुपच्या नावातून 'लाकडी' काढलं.

मामाजी दोन-तीन दिवसांनी आले. ना भाषण, ना माफीनामा. आल्या आल्या त्यांनी गाबावरून मिस्त्रींना डिवचलं.

टिकायच्या रिती

त्यानंतर ग्रुपमध्ये काही रिती बसल्या. कुणी नियम म्हणून लिहिल्या नाहीत. फोटो टाकताना शेजारी हात, खराटा किंवा पाण्याची बाटली ठेवायची, म्हणजे चीर केवढी ते कळतं. उत्तर आवाजात चालतं, टायपिंगची सक्ती नाही. सगळ्यात कामाची रीत भाच्याने पाडली: ज्याने विचारलं त्याने महिनाभराने येऊन सांगायचं, पाणी थांबलं की नाही. आधी लोक उत्तर घेऊन गप्प व्हायचे आणि सांगणाऱ्याला वाटायचं, आपण भिंतीशी बोललो. आता भाचा आठवणीने विचारतो, "भाऊ, त्या चिरेचं काय झालं?" आणि माणूस परत येतो. न जमल्याची खबरही चालते, उलट तिच्यावर जास्त बोललं जातं.

शांत सदस्यांबद्दलही सरांची सवय बदलली. कोण किती दिवस बोललं नाही म्हणून काढून टाकायचं, ही अ‍ॅडमिन मंडळींची आवडती खोड. सर आता उलट करतात. दोन महिने गप्प असलेल्या सुताराला ते त्याच्याच कामाचं काहीतरी विचारतात, आणि खरोखर माहीत नसलेलंच विचारतात. खोटा प्रश्न लोकांना लगेच कळतो.

ऋतूचाही भाग आहे. आषाढ-श्रावणात रोवणीच्या दिवसांत ग्रुप जवळपास बंद असतो. बाया, बाप्ये सगळे बांधीत, हात चिखलात, फोन घरी. पहिल्या वर्षी नागपूरवाल्यांना वाटलं, ग्रुप मेला. त्यांनी 'सगळे झोपले का' म्हणून संदेश टाकले आणि कुणी उत्तर दिलं नाही. दिवाळीनंतर धान कापून झालं, शिंगाडा आणि मासेमारी जोरात आली, तसा ग्रुप आपोआप जागा झाला. आता कुणी घाबरत नाही. एका हौशाने तर आपलं इपॉक्सीचं काम त्या शांततेत उरकायचं ठरवलं होतं. मीच त्याला म्हटलं, भर पावसाळ्यात इपॉक्सी लावू नको, हवेतल्या ओलीने वरचा थर चिकट आणि पांढरट होतो.

हौशांपैकी आज थोडेच उरले आहेत. जे उरले त्यांच्याकडे काहीतरी काम आहे. एक जण नागपूरहून गावी येताना लाइफ जॅकेट, बोल्ट आणि पारखलेलं प्लाय घेऊन येतो. लोक आधी यादी टाकतात, पैसे नंतर देतात, आणि एखाद्याचे राहिले तर तो ग्रुपवर बोलत नाही, घरी जाऊन चहा घेऊन आणतो. त्याची स्वतःची होडी अजून पोर्चमध्येच आहे. ती पाण्यात गेली तर तो येणं बंद करेल, अशी भाच्याला भीती आहे.

सध्या चाललंय ते जुन्या डोंग्यांची मापं घेण्याचं. मोठी खोडं मिळत नाहीत, मामाजींच्या पिढीचे डोंगे एकेक करून कुजताहेत, तेव्हा निदान त्यांचा आकार तरी कागदावर उतरवून ठेवावा, ही कल्पना कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीची, त्या शिंगाडावाल्या ताईंची पोरगी. दर हातभर अंतरावर आडवा धागा धरायचा आणि धाग्यापासून तळापर्यंतची खोली मोजायची, असं तिने ठरवलं. मामाजींनी लगेच खोट काढली: डोंगा पारीवर ठेवून मोजला तर वजनाने बसतो, माप चुकतं, पाण्यातच मोजायला हवा. मिस्त्री म्हणतात, पाण्यात हलतो, त्याचं काय? सरांनी त्रिकोणमितीचा काहीतरी उपाय टाकला आहे, तो अजून कुणाला कळलेला नाही. मोजणी धान निघाल्यावर ठरली आहे. टेप मुलगी आणणार, डोंगा कोण धरून उभा राहणार यावर अजून बोलणी चालू आहेत.